वाऱ्याला गावबंदी

हं! बुक्का लागला, हार पडला, पेटीवाल्या सामंतांचा चहाही झाला. कपबशी पेटीमागे सरकवली म्हणून बुवांना दिसली नाही, असं त्यांनी समजू नये! तर मंडळी, ऐका. पूर्वरंगात ब्रह्म झालं, माया झाली, खांबाला टेकून बसलेल्या दोघांची झोप झाली. आता आख्यान. आता झोपायचं नाही!

पण आधी एक प्रश्न. सोपा आहे, घाबरू नका. जे आपलं आहे, जीव की प्राण आहे — पोर म्हणा, लेक म्हणा — त्याला वारा लागू द्यावा, की लागू देऊ नये?

काय? 'देऊ नये'? सगळ्या आया एका सुरात! आणि 'द्यावा' कोण म्हणतंय? एक हात? अर्धा हात? अहो, तबलजी पेडणेकर सोडले तर कोणी नाही, आणि त्यांनी हात वर केला तो डोकं खाजवायला! बरं. म्हणजे आज तुमचं आणि माझं भांडण. उत्तम! भांडण असलं की माझा गळा मोकळा होतो.

तर खाडीच्या तोंडाशी कासरखोल नावाचं एक गाव होतं. नकाशात शोधू नका. नकाशा काढणारा आला होता, पण गावाने त्याला जेवायला बसवलं. तीन वेळा भात वाढला, सोलकढी पाजली, आणि तो तसाच वामकुक्षी करून घरी गेला. गाव राहिलं!

गावाची देवी डोंगराई. आणि गावाची रीत मोठी गमतीची! पोर जन्मलं की बारशाला देवीला कौल लावायचा. म्हणजे देवीच्या पाषाणाला ओल्या कळ्या चिकटवायच्या आणि विचारायचं. उजवी कळी पडली तर हो, डावी पडली तर नाही. काय विचारायचं? 'आई, या पोराचं झाड कुठलं?' माड? डावी पडली. फणस? डावी. शेवगा? — उजवी! झालं! जपून ठेवलेली नाळ परड्यात पुरायची आणि वर शेवगा लावायचा. ते त्या पोराचं जन्मझाड. समजूत अशी, की झाड उभं तोवर माणूस उभा. आणि झाड पडलं, की माणूस आटोपला.

आता बघा पंचाईत! गाव खाडीच्या तोंडाशी. वारा तिथे पाहुणा नाही, घरजावई आहे! केव्हाही येतो, कशालाही हात लावतो, जेवणाच्या वेळी तर हमखास येतो. मग ती झाडं त्याच्यापुढे उभी कशी राहायची? मंडळी, प्रत्येकाची तऱ्हा निराळी.

माडाला विचारा. 'बाबा रे, एवढा उंच, एकच पाय, तुला भीती नाही वाटत?' माड म्हणतो, 'मला फांद्या कुठे आहेत? वारा धरणार काय? झावळ्या आहेत, त्या मागे वळवतो. फारच झालं तर एखादी टाकून देतो. आणि खाली असंख्य बारीक मुळांनी वाळू मुठीत धरून बसतो.' पोफळीला विचारा. ती काही बोलतच नाही, वाकते! एवढी वाकते, एवढी वाकते, की शेंड्यावरची मुंगी खाली उतरून आपल्या घरी जाते. मग पोफळ पुन्हा सरळ! केळ स्वतःची पानं स्वतःच चिरून देते. 'घे, यातून जा, पण माझा बुंधा सोड.' वडाचं काय सांगू? त्याला स्वतःच्या एका पायाचा भरवसाच नाही. तो पारंब्या सोडतो आणि जन्मभर पायच वाढवत बसतो.

आणि शेवगा? हा हा! शेवगा म्हणजे — वारा अजून पलीकडच्या गावात, आणि हा इकडे काड्! मोडून मोकळा! पण मोडलेली फांदी चिखलात जिथे पडली तिथेच पुढच्या महिन्यात पालवी. मोडण्यात त्याला काडीचा कमीपणा वाटत नाही. गावचा गुरव झिलू, त्याचं झाड हे. हात मोडला, पाय मोडला, ठरलेलं लग्नही मोडलं. सगळं पुन्हा जुळलं! सामंत, काळी दोन द्या जरा —

नारळ डोले, पोफळ झोले, केळ फाडिते पाने,
वाऱ्यापुढती उभे राहती ज्याच्या त्याच्या माने!

वा! पेडणेकर, ठेका चांगला होता. माझ्या मागे होता, पण चांगला होता.

आता आंबा. आंबा वाकत नाही, लवकर मोडतही नाही. आंबा अंगावर घेतो! वाऱ्याने ढकललं की डुलतो, मुळाला हिसका बसतो, मूळ म्हणतं, 'अरे, हा तर मला उपटायला आलाय!' आणि ते रागाने जाड होतं. खडकाच्या भेगेत बोट घालतं आणि सोडत नाही. आंब्याचा सगळा जोर असा भांडणातून आलेला असतो.

तर या गावात विठोजी मांजरेकर नावाचा मानकरी होता. देवीपुढे गावातर्फे गाऱ्हाणं घालण्याचा मान त्याचा. मिशी मोठी, आवाज मोठा, काळीज मात्र वाटाण्याएवढं! बायको भामा. आणि एकच लेक, मालू. नवसाची! मालूचं झाड कुठलं? आंबा. घरासमोरच होता. मालू विशीची, आंबाही विशीचा.

एके दिवशी वाऱ्याने आंब्याची एक फांदी मोडली. लहानशी, काठीएवढी. आणि त्याच दिवशी, मंडळी, मालूचा अंगठा उंबऱ्याला ठेचकाळला!

झालं! विठोजीच्या डोक्यात प्रकाश पडला. तसा कमीच पडायचा, पण पडला की माणूस आंधळा होतो. फांदी गेली, अंगठा गेला. मोठी फांदी गेली तर? खोड गेलं तर? त्या दिवसापासून त्याने खाणंपिणं सोडलं — म्हणजे घरी सोडलं, आंब्याखाली बसून जेवायला लागला. आंब्याला चारी बाजूंनी दोरखंड बांधले. टेकू लावले. वाऱ्याच्या अंगाला गोधड्या टांगल्या. बुंध्याला मफलर गुंडाळला! भामा दारातून बघत होती. ती म्हणाली, "झाडाक मफलर घातलास! गेल्या थंडयेत मी शाल मागितली, तर म्हणालंस, चुलीकडे बस!"

विठोजी म्हणाला, "अगो, तू पडलंस तर उचलूक येता. आंबो पडलो तर?"

आणि लेकीला हुकूम! "बाये, भायर जाव नको. वारो आसा." मालू विहिरीवर निघाली — वारो आसा! मालू देवळात निघाली — वारो आसा! विशीतली मुलगी, हातीपायी धड, दिवसभर खिडकीत बसून वारा बघते. तिला काय वाटत असेल? विचारलं कोणी? माझ्यासमोरही इतकी माणसं बसलीत, कोणाच्या तरी घरात अशी खिडकी असेलच.

पण दोरखंड तुटायचे, गोधड्या उडून खाडीत जायच्या. शेवटी विठोजीने ठरवलं, हा तंटा देवीपुढेच न्यायचा!

जत्रेचा दिवस. गाव जमलेलं. गाऱ्हाण्याची पद्धत तुम्हाला ठाऊक आहे. मानकऱ्याने एकेक मागणं म्हणायचं आणि बाकीच्यांनी ओरडायचं — 'व्हय म्हाराजा!' देवी असली तरी म्हाराजाच! विठोजीने हात जोडले, मिशी सावरली.

"गे आई डोंगराई! ह्या तुझ्या लेकरान आज तुझ्या पायाकडे गाराणा घातला हा —"

"व्हय म्हाराजा!"

"गुराढोरांक, पोराटोरांक सुखी ठेव —"

"व्हय म्हाराजा!"

"कोणाची वाकडी नजर आसात, ती सरळ कर —"

"व्हय म्हाराजा!"

"आणि ह्या वाऱ्याक गावाच्या हद्दीभायर काढ, परत पाऊल टाकूक देव नको —"

"व्हय म्हाराजा!!"

ऐकलं कोणी? कोणी नाही! सगळ्यांचं लक्ष प्रसादाच्या टोपावर. हसताय? तुम्ही ऐकलं असतंत? बघू हं. 'गे आई, आज पंगतीत सामंतांच्या ताटातलो लाडू बुवांच्या ताटात पडांदे —'

ऐका! सगळे म्हणालात! अहो, सामंत स्वतः म्हणाले!

झिलू गुरवाने कळ्या लावल्या. आणि उजवी कळी पडली!

वारा त्या क्षणी झिलूच्या उपरण्याशी खेळत होता. थांबला. उपरणं खाली आलं. देवळावरचा झेंडा मान टाकून पडला. आणि वारा निघाला, मंडळी! पण कसा? रीतसर! आजवर उडवून नेलेलं एकेकाचं सामान परत केलं. टोप्या, छत्र्या, एक लंगोट — त्यावर कोणी हक्क सांगितला नाही — सगळं देवळापुढे ओळीत मांडलं. आणि गावाच्या शिवेवर जाऊन पलीकडे उभा राहिला. गेला नाही बरं का! उभा राहिला. रुसून!

शिवेवर तर मौजच. एक पाय गावात, एक पाय बाहेर ठेवून उभं राहिलं, की निम्मी मिशी उडायची आणि निम्मी स्वस्थ! लोक लांबून ते बघायला यायचे.

पहिले काही महिने काय थाट! दिवा विझेना, कौलं हलेनात, विठोजीचा आंबा चित्रातल्यासारखा उभा. विठोजी मिशीला पीळ देऊन गावभर हिंडला. मग हळूहळू ध्यानात यायला लागलं. चुलीचा धूर घरावर उभा राहिला तो राहिलाच. झिलूने सुकट भाजली, तिचा वास त्याच्या अंगणात खांबासारखा उभा! लोक वळसा घालून जायचे. सासवासुनांच्या भांडणातले शब्द वाहून जाईनात. सकाळी दिलेली शिवी संध्याकाळी त्याच जागी ऐकू यायची, आणि मधून जाणाऱ्या बिचाऱ्या भटजींना लागायची! पेडणेकर, हसू नका, ठेका चुकतोय.

आणि पाऊस? ढगांना आणणार कोण? सगळे ढग शिवेबाहेर वाऱ्यापाशी म्हशींसारखे दाटून उभे! पण बंदी झाली तेव्हा एक ढग चुकून आत राहिला होता. एकच! तो बिचारा हलणार कसा? पोलीस पाटलाच्या मळ्यावर तो जो उभा राहिला, तो तिथेच. तिथेच पडायचा. गाव कळश्या, हंडे, घमेली घेऊन त्याच्याखाली रांग लावायचं. पाटील म्हणायचा, 'ढग माझा!' मालकी हक्क! जमीन माझी, तर वर आकाशापर्यंत सगळं माझंच, असं त्याचं म्हणणं.

आता मालूकडे या. खाडीवर एक तर होती, म्हणजे पलीकडच्या बाजाराला माणसं नेणारी होडी. शिडावर चालायची. वारा गेला, शीड लोंबलं. म्हातारा तांडेल वल्ही मारून मारून कमरेत वाकला. मालू बापाला म्हणाली, "बाबा, आता वारो नाय. मी जाव होडयेर?"

आता बाप काय बोलणार? आजवर एकच कारण सांगितलं होतं, तेच त्याने हाकलून दिलेलं! म्हणाला, "जा."

पोर गेली! वल्हं हातात घेतलं. पहिल्या दिवशी तळहाताला फोड. मग फोड फुटले. मग हात असे झाले, की नारळ सोलायला तिला सुळा लागेना. भरतीत गेली, ओहोटीत गेली, भांडखोर उतारूंना दटावलं, एकदा एक अख्खी म्हैस पलीकडे नेली — म्हैस उभी, मालू वल्हवतेय! विठोजीला यातलं काही दिसलं? नाही. बाप आंब्याकडे बघत होता. लेकीकडे बघायला सवड कुठे!

आणि आंबा कसा होता? डौलदार! एक पान गळत नव्हतं. वाळकी काटकीसुद्धा जागच्या जागी. वर नुसता पसारा, पसारा, पसारा! आणि खाली? ढकलायलाच कोणी नाही. मूळ म्हणालं, 'कशाला कष्ट करायचे? दोरखंड आहे, टेकू आहे, मफलर आहे.' झोपलं! पान, फांदी, मोहोर सगळं वाढलं. मूळ तेवढं राहून गेलं.

गावातल्या सगळ्याच झाडांचं हे होऊ लागलं. एके दिवशी भर दुपारी एक कावळा पोफळीवर येऊन बसला. आणि पोफळ आडवी झाली! हळूच, एखादा थकला माणूस बाकावर लवंडावा तशी. कावळा एवढा ओशाळला, की त्याने इकडेतिकडे बघितलं, कोणी पाहिलं का, आणि चालत निघून गेला. नशीब, ती पोफळ कैलासवासी बाबू तेल्याची होती. बाबू आधीच गेलेला, म्हणून वाचला.

पण गावाचं धाबं दणाणलं! प्रत्येकजण आपापल्या झाडाला हात लावून बघतोय. शिंकायचं झालं तर लोक शिवेबाहेर जाऊन शिंकायला लागले.

आणि अशात, मंडळी, तो ढग संपला.

रोज थोडा थोडा विरत होता. शेवटी रुमालाएवढा राहिला. पाटलाने तो रुमालही पिळायला शिडी लावली. संपला! विहिरी आधीच आटलेल्या. पोरंबाळं तहानलेली. गाव उठलं आणि विठोजीच्या अंगणात आलं.

झिलू म्हणाला, "विठोजी, देवीक कौल लावलंय. ज्यान गाराणा घातल्यान, तेनाच ता परत घेवचा. वाऱ्याक बोलव."

विठोजीने आंब्याला पाठ लावली. "आणि माझा चेडू? मालू?"

गाव त्या आंब्याकडे बघायला लागलं. सगळ्यांना दिसत होतं, हा आंबा वाऱ्याची एक थप्पड सोसणार नाही. आणि आंबा पडला तर मालू जाणार, हीच तर सगळ्यांची समजूत!

मग विठोजीने तोड काढली. "झाडाक आधी सवय करूया. आपणच वारो होवया!"

आणि काय सांगू, मंडळी! गावाने पाळ्या लावल्या. आज वारा कोण? मांजरेकरवाडी. उद्या वारा कोण? गुरववाडी. बाया सुपं घेऊन झाडापुढे ओळीने उभ्या, फटाफटा वारा घालतायत! पुरुष दोरखंड धरून 'हेऽऽ हो' करून ओढतायत. पोलीस पाटील 'सूंऽऽ सूंऽऽ' असा आवाज काढतोय, कारण त्याला दुसरं काही येत नव्हतं! झिलू गुरव पुढे झाला. गाल फुगवले. त्याने नुसती एक फुंकर घातली — फू! — आणि आंबा वीतभर कलला.

सुपं खाली आली. एकेकजण पाय न वाजवता घरी गेला.

अंगणात बाप आणि लेक उरले. मालू होडीवरून आली होती, पदर कमरेला खोचलेला. ती म्हणाली, "बाबा, सांगा देवीक."

"झाड पडला तर गो?"

"पडांदे."

"आणि तू?"

"माका ठावक नाय, बाबा. पण पलीकडल्या घरातला तान्ह्या पोर तहानेन रडता हा, ता माका ऐकाक येता. तुमका येत नाय?"

मंडळी, विठोजीला ते रडणं कधीपासून ऐकू येत होतं. ऐकू येत नाही असं दाखवून तो बसला होता. बाप झाला तरी किती वेळ दाखवणार? तो उठला. देवळात आला, मागे गाव आलं. त्याने हात जोडले. मोठा आवाज कुठे गेला कोण जाणे.

"गे आई डोंगराई... ह्या तुझ्या वेड्या लेकरान जा काय मागितल्यान, ता तू दिलंस..."

गाव गप्प.

"आता ता परत घे. गावाक पाणी दी. वाऱ्याक... वाऱ्याक हद्दीत घे..."

आणि थांबला. कारण पुढे काय व्हायचं? लोकांनी ओरडायचं! जन्मभर न ऐकता ओरडत आले. आज प्रत्येक शब्द ऐकला होता. आणि आज एकाच्याही तोंडून हुंकार निघेना! कोण म्हणणार? मालूच्या मरणाला 'व्हय' कोण म्हणणार? झिलूने खाली बघितलं. भामाने तोंडात पदर कोंबला. कळ्या पाषाणाला तशाच चिकटून राहिल्या.

आणि मागून, खांबाजवळून, एक आवाज आला. खणखणीत! खाडी ओलांडून पलीकडच्या तीरावर हाक मारायची सवय झालेला आवाज —

"व्हय म्हाराजा!"

मालू!

उजवी कळी पडली, मंडळी!

आणि वारा आला! साठवून ठेवलेला सगळा वारा! मागे म्हशींचा कळप, ते ढग! धुराचे खांब उधळले, सुकटीचा वास मुंबईपर्यंत गेला, अडकलेल्या सगळ्या शिव्या ज्याच्या त्याच्या घरी पोचल्या! माडांनी पहिला झोका खाल्ला, तिसऱ्याला त्यांना आठवलं, आणि झावळ्या मागे! पोफळी वाकल्या, थोड्या उठल्या, थोड्या नाहीत. केळींनी पानं चिरून दिली. वड आपला इतक्या पायांवर उभा, की त्याला कुठला पाय डगमगला तेच कळेना. शेवगा तर आनंदाने मोडला! काड्, काड्, काड्! आणि झिलू ओरडतोय, "माझो हात! माझो हात!" अरे, हात शाबूत आहे, पण सवयीने ओरडतोय!

विठोजी धावला. भर वाऱ्यात धावला, आणि आंब्याच्या बुंध्याला मिठी मारली. दोन्ही हातांनी, मफलरासकट! "माझ्या चेडवाक हात लावू नको! माका ने! माका ने!" वर तो डोंगराएवढा पसारा करकरतोय. दोरखंड तुटला. दुसरा तुटला. टेकू निसटला. बाप सोडायला तयार नाही. डोळे गच्च मिटलेले.

आणि कोणीतरी त्याचं मनगट धरलं. काय धरलं! एका हिसक्यात त्याला झाडापासून सोडवलं, खांद्यावर घेतलं, आणि अंगणाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवलं. मागे आवाज झाला. आंबा पडला होता.

विठोजीने डोळे उघडले नाहीत. कसे उघडणार? उघडले तर दिसणार काय? तो तसाच मातीत बसून पुटपुटला, "मालू... बाये... आसस?"

"आसंय, बाबा."

त्याचा विश्वास बसेना. डोळे मिटूनच त्याने समोरचा हात चाचपला. तळव्यावर हे एवढे घट्टे! म्हणाला, "हे हात माझ्या मालूचे न्हय. माझ्या मालूचे हात मऊ." तो हात त्याने बारशाच्या दिवसानंतर नीट हातात घेतलाच नव्हता, मंडळी. मग त्याने डोळे उघडले. समोर मालू उभी. केस सुटलेले, वारा अंगावर येतोय, पाऊस तोंडावर मारतोय, आणि पोर जागची हलत नाही! होडीत उभं राहून राहून तिचे पाय तसे झाले होते.

आणि तिच्यामागे आंबा आडवा. गावाची समजूतही आडवी! घराएवढा पसारा! आणि मूळ? उपटून वर आलेलं मूळ भामाच्या पिठाच्या परातीएवढं होतं. एवढ्या झाडाचं एवढंसं मूळ! विठोजी लेकीच्या हाताकडे बघतो, परत त्या मुळाकडे बघतो. आणि मग तो ओक्साबोक्शी रडला. म्हणाला, "बाये, मी दोघांकय सारख्याच जपलंय गो. तू माका फसवून वाचलंस."

मंडळी, आता सांगा. आंबा कोणी पाडला? वाऱ्याने? वारा बिचारा कामावर परत आला होता! आंबा पाडला मफलराने. आणि तो मफलर प्रेमाने गुंडाळलेला होता, ही खरी दुःखाची गोष्ट. विठोजी दुष्ट असता तर मी त्याला चार शिव्या देऊन मोकळा झालो असतो. तो तुमच्यामाझ्यासारखा होता.

अहो, मी बघतो ना! मुलगा चोवीस वर्षांचा, मुलाखतीला जातो, आणि आई बाहेर बाकावर डबा घेऊन बसलेली. साहेबाने नाव विचारलं की आत डोकावून आईच सांगते! मुलगी शिकायला परगावी निघाली, की बापाच्या छातीत कळ येते. मुलगी अर्ज मागे घेते, की कळ जाते! मुलाचा मित्राशी तंटा झाला, मिटवायला काका. सुनेने भाजी खारट केली, तर पुन्हा तिला चुलीपाशी जाऊ द्यायचं नाही, आणि म्हणायचं, 'आमच्याकडे सुनेला काही काम नाही!' आणि सुनेला विचारा, तिला खिडकीतून काय दिसतं!

तुम्ही त्यांच्यावर प्रेम करता. मला ठाऊक आहे. पण त्यांच्या हाताला हात लावून बघितलाय का एकदा? आज घरी गेल्यावर बघा. मऊ लागला, तर लाजा! त्या पोराने लाजायचं नाही, तुम्ही लाजायचं. आणि घट्टा लागला, तर तो तुम्हाला न सांगता कुठे वल्हं मारतोय, याची चौकशी करू नका. गप्प बसा आणि त्याला वाढा.

आणि अहो — अहो दारापाशी बसलेले! हो, तुम्हीच! समई फडफडतेय म्हणून दार लावायला उठलात? बसा खाली! येऊ द्या वाऱ्याला आत. समई विझली तर पुन्हा लावू, काडेपेटी कशासाठी आहे? सामंत, सूर धरा. पेडणेकर, आता माझ्या पुढे गेलात तरी चालेल. आणि मंडळी, त्या जगज्जननीचं नाव एवढ्या मोठ्याने घ्या, की बाहेरच्या वाऱ्याला वाटलं पाहिजे, आत माणसं उभी आहेत!